घराभोवतीची पाखरं आणि जनावरं : विदर्भातल्या गावाकडच्या नोंदी

पांदणवाट · १४ जून, सकाळी ७:१०

ताडोबा, मेळघाट, नागझिरा, टिपेश्वर यांच्यावर इथे आधीच भरपूर धागे आहेत. हा धागा जिप्सीतून दिसणाऱ्या वाघांचा नाही. घराच्या ओट्यावरून, विहिरीपाशी, कोठ्यामागे, वावराच्या धुऱ्यावर जे दिसतं ते इथे लिहायचं. फोटो नसला तरी चालेल. काय दिसलं, कुठे दिसलं आणि ते काय करत होतं, एवढं नीट लिहा. "आज छान पक्षी पाहिला" यातून कोणाच्याच हाती काही लागत नाही.

सुरुवात मी करतो. आमचं घर आर्वी तालुक्यात, गावाच्या अगदी टोकाला. समोर कडुलिंब, बाजूला शेवगा, मागे कोठा, कोठ्यापलीकडे जुनी बांधीव विहीर आणि तिच्यावर वाकलेली बाभूळ. वावराला बोरी-हिवराचं कुंपण आहे. ते जाळून तारेचं करायचं, असं आमचे काका दरवर्षी ठरवतात.

मृगाच्या सरी झाल्या आणि बाभळीवर सुगरण नर कामाला लागले. डोकी पिवळीजर्द झाली आहेत. नर शिंदीच्या पात्याच्या कडेला चोचीने बारीक चीर पाडतो, ती चीर चोचीत धरूनच उडतो आणि लांबलचक धागा सोलून निघतो. आधी फांदीला गाठी, मग लोंबती कडी, मग कडीत बसून डोक्यावरचं छत. घरटं निम्मं झालं की हा गडी काम थांबवतो आणि त्याला लटकून पंख फडफडवत कलकलाट करतो. मादी येते, आत शिरते, धागे ओढून बघते. तिला पटलं तर खालचा बोगदा बांधायचा, नाही तर ते घर तसंच लोंबकळत राहतं. पटल्यावर मादी अंड्यांवर बसली की नर शेजारच्याच फांदीवर दुसरीसाठी नवीन बांधायला घेतो. आतल्या भिंतीला ओल्या मातीचे गोळे लावलेले असतात. खाली पडलेलं जुनं घरटं उचलून बघा, वाळलेला चिखल हाताला लागेल.

बांधकाम विहिरीवरच, कारण खाली पाणी आणि फांदीचं टोक बारीक. साप किंवा मांजर तिथवर सहज पोहोचत नाही. आता गावात विहिरींवर लोखंडी जाळ्या बसताहेत आणि काठावरची झाडं "कचरा पडतो" म्हणून तुटताहेत. जाळी हवीच, लहान पोरं असतात. बाभळीचं मात्र मला पटत नाही.

पावशा चार दिवसांपासून "पेर्ते व्हा" करतोय. रात्रीसुद्धा. आमच्याकडे बियाणं अजून पोत्यातच आहे.


वऱ्हाडी ठसका · १४ जून, रात्री ९:४५

भाऊ, धागा झकास काढला. आमच्या अकोट साइडले टिटवीनं ह्या बारीनं वावराच्या मधातल्या उंचवट्यावर अंडे देल्ले. म्हातारे लोकं म्हन्ते, टिटवीनं उंचावर अंडे देल्ले म्हंजे पानी जबर, अन् नाल्यात देल्ले म्हंजे दुष्काळ. माहा आजा याच्यावरच पेरनी धरे.

चार अंडे हायेत. मातीचाच रंग, वरतून काळे ठिपके. वखर चालू होता, तं तेवढी जागा सोडून देल्ली. बाई अशी बोंबलते, असे झपाटे मारते डोक्यावरून, का बैलं बी बिचकले.


सोनकी · १५ जून, दुपारी २:२०

टिटवी आणि पावसाचं आमच्या घाटंजीकडेही असंच जोडतात. मला यात टिटवीपेक्षा जमिनीचा भाग जास्त वाटतो. तिला घरटं बांधायचंच नसतं. खड्यांची, मोकळी, चारी बाजूंनी दिसणारी जागा मिळाली की झालं. गेल्या साली एकाच शिवारात एक जोडी नाल्यात होती आणि एक माळावर. मग पावसाने कोणाचं ऐकायचं?

भर उन्हात मात्र तिला बघा. डबक्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर उभी राहते. अंडी उबवायची नसतात तेव्हा, थंड ठेवायची असतात. कुत्रं जवळ आलं तर एक टिटवी पंख मोडल्याचं सोंग करत भलतीकडे पळते आणि त्याला दूर नेते.

पांदणवाट, पावशा पेरणीचा सल्ला देतो, पण स्वतः पेरतो दुसऱ्याच्या घरात. सातभाईच्या घरट्यात अंडं टाकून मोकळा. सातभाईचं अंडं निळं, पावशाचंही निळं. चातकाचंही तेच. तो पावसासोबत आफ्रिकेकडून येतो आणि यजमान म्हणून सातभाईच निवडतो. सातभाई बिचारे टोळीने मिळून त्या पोराला भरवतात. आमच्या परसातल्या लिंबोणीखाली ही कसरत चालते. पिल्लू भरवणाऱ्यापेक्षा मोठं होऊन बसतं आणि तरी तोंड उघडून ओरडत असतं.


नवखी नजर · १९ जून, सकाळी ११:०५

नमस्कार. मी पुण्यात वाढले, लग्नानंतर दर्यापूरजवळच्या गावात आले. कावळा, चिमणी, पोपट सोडून मला काही ओळखता येत नाही. सासूबाई नुसत्या आवाजावरून नावं सांगतात, पण ती नावं इंटरनेटवर सापडत नाहीत.

उकिरड्यापाशी एक छोटा काळा पक्षी रोज येतो. शेपूट कायम उभी. शेपटीखाली विटकरी रंग. उडाला की खांद्यावर पांढरं चमकतं. हा दयाळ का?


पांदणवाट · १९ जून, दुपारी १२:३०

नाही ताई, तो चिरक. दयाळ त्याहून मोठा, पोट पांढरं, पंखावर लांब पांढरा पट्टा. दयाळ पहाटे शेंड्यावर बसून गातो. चिरकाचं सगळं काम जमिनीवर: उकिरडा, दगडी गडगा, पडकी भिंत. मादी तपकिरी असते, तिला तो पांढरा ठिपका नसतो, पण शेपटीखालचा विटकरी रंग तिलाही असतो. भिंतीत भोक दिसलं तर लिंपू नका. घरटं तिथेच असेल.

मोबाइलवर मर्लिन ॲप घ्या, आवाज ऐकून नाव सुचवतं. कोंबडा, टीव्ही आणि पिठाची चक्की एकदम चालू असतील तर त्याचंही डोकं फिरतं, म्हणून सुचवलेलं नाव डोळ्यांनी पाहूनच पक्कं करायचं. आणि सासूबाईंची नावं इथे लिहाच.


नवखी नजर · १९ जून, दुपारी १:१०

धन्यवाद! सासूबाई भारद्वाजाला कुंभारकावळा म्हणतात. तो दिसला की काम होतं म्हणे. आमच्याकडे तर तो रोज दिसतो, कामं तशीच पडून आहेत.


रातकिडा · ९ जुलै, रात्री १०:१५

पाखरांच्या धाग्यात साप चालेल ना? मी चंद्रपूर जिल्ह्यातला, गावात साप निघाला की बोलावणं मलाच येतं.

परवा शेजारी पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली "मण्यार" निघाली म्हणून काठ्या घेऊन माणसं जमली. निघाला कवड्या, बिनविषारी. दोघांतला फरक लिहून ठेवतो. मण्यारीचे पांढरे पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात, बरेचदा जोडीने असतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीच्या पाठीवर मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते, पण ती तपासायला जवळ जाऊ नका. शंका आली तर मण्यार समजायचं आणि लांबूनच लक्ष ठेवायचं.

मण्यार रात्रीची फिरते, आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दुखत नाही, सूज नाही, कित्येकदा दाताची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, जीभ वळत नाही. घरचे "अपचन झालं" म्हणून ओवा देत बसतात आणि तेवढ्यात श्वास बंद पडायला लागतो. पावसाळ्यात खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. चावल्यावर चिरा देणं, चोखणं, करकचून बांधणं, मांत्रिक, यातलं काही नाही. हातपाय न हलवता सरळ ग्रामीण रुग्णालय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते, साप ओळखून मारून सोबत न्यायची गरज नाही.

धामणीबद्दलही लिहितो. ती गाईचे पाय बांधून दूध पीत नाही. सापाचं तोंड ओढून प्यायच्या कामाचंच नाही. ती कोठ्यात येते ती ढेपेवरच्या उंदरांसाठी. दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहिलेल्या दिसल्या की लोक त्यांच्यावर नवं कापड टाकायला धावतात. ते दोन्ही नर असतात, मादीसाठीची कुस्ती चाललेली असते.


सोनकी · १० जुलै, सकाळी ८:००

सरपण आणि पऱ्हाट्या घराच्या भिंतीला टेकवून रचायच्या नाहीत, हेही सांगा. आमच्याकडे सगळे स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशीच रचतात आणि मग अंधारात हात घालतात.


रातकिडा · १० जुलै, सकाळी ८:४०

बरोबर. ढीग घरापासून चार हात लांब, आणि काढताना आधी काठीने हलवा.


झाडीपट्टी · २ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

आमच्याकडे रोवणी आटोपली जी. गोंदिया जिल्हा, वैनगंगेकडचा पट्टा. तुमच्याकडे कापूस-सोयाबीन, आमच्याकडे घराच्या अंगणातून जिकडे पाहाल तिकडे बांध्या आणि पाणी. म्हणून आमचा घरचा पक्षी सारस.

राज्यात सारस उरला तो मुख्यतः आमच्या गोंदियात, थोडाफार भंडाऱ्यात. नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आहे. उभा राहिला की माणसाच्या खांद्याला लागतो, मोठा नर तर डोक्यापर्यंत. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात इतका उंच दुसरा नाही. एवढा मोठा जीव, पण राहतो माणसाच्या शेतात. घरटं धानाच्या बांधीतच करतो. आजूबाजूचं गवत आणि धान उपटून पाण्यात ढीग रचतो, वर बहुतेक वेळा दोन अंडी. नर-मादी आळीपाळीने महिनाभर बसतात. त्या जागेतलं धान जातं, हे खरं आहे. तरी आमच्याकडचे कित्येक शेतकरी तेवढा तुकडा सोडून देतात, तिथे औषध मारत नाहीत, गावची कुत्री हाकलतात. वनविभागाचे आणि सारस मोजणारे पोरंही येतात, पण दिवसरात्र तिथे असतो तो धानवालाच.

पिल्लू निघालं की लवकरच आईबापामागे पाण्यात चालायला लागतं, उडायला मात्र तीनेक महिने लागतात. तोवर धान निसवतं, पिल्लू त्यात दिसतच नाही. फक्त दोन लाल माना वर दिसतात आणि मधल्या ओळीत धान हलतं.

पहाटे दोघं मिळून हाक देतात. नर चोच आभाळाकडे करून एकदा, मादी त्याला जोडून दोनदा. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पलीकडच्या गावातही ऐकू जाते. सगळ्यात मोठा धोका विजेच्या तारांचा. एवढे लांब पंख, धुक्यात तार दिसत नाही. दुसरा धोका बोड्या बुजण्याचा. मालगुजारी काळापासूनचे तलाव गाळाने भरत चालले, काठावर अतिक्रमण, मग रोवणीच्या आधी आणि कापणीनंतर सारसाने जायचं कुठे?


पांदणवाट · ३ ऑगस्ट, सकाळी ६:५०

वा. आमच्याकडे बांधीच नाही, म्हणून हे वाचून हेवा वाटला. फोटो असले तरी घरट्याची नेमकी जागा किंवा गावाचं नाव इथे टाकू नका, ही विनंती. पुढच्या रविवारी चार गाड्या उभ्या राहतील.


वऱ्हाडी ठसका · ११ सप्टेंबर, रात्री ११:३०

तुमचं समदं वाचून मजा येते, पन एक गोष्ट सांगू काय? आमच्यासाठी घराभोवतीचं जनावर म्हंजे पयले रोही अन् डुक्कर. मंग पाखरं.

आता माचानावर बसूनच लिवून राह्यलो. जागल हाये. सोयाबीन शेंगावर आलं, अन् रोही रोज रात्री कळपानं येते. खाते कमी, तुडवते जास्त. डुक्कर आलं तं तासंच्या तासं उकरून ठेवते. धुऱ्यानं जुन्या साड्या बांधल्या, चार दिवस बिचकले, मंग साडीले आंग घासून आत. डब्बे वाजवले, फटाके फोडले. त्यायले समजते ना बाप्पा, का हा मानूस फकस्त आवाज करते. नुकसानीचा अर्ज केला होता मांगच्या साली. पाहाले मानूस आला तवा पीक काढून वावर वखरून झालं होतं.

शहरातला पाव्हना येते अन् म्हन्ते, वा, किती सुंदर नीलगाय. घेऊन जा म्हनलं दोन.


नवखी नजर · १२ सप्टेंबर, सकाळी ९:२०

शेवटची ओळ वाचून घरात सगळे हसले. सासरे म्हणाले, चार देऊ.


रातकिडा · १२ सप्टेंबर, दुपारी १:४५

ठसकाभाऊ, राग रास्त आहे. आमच्याकडे तर रोहीच्या मागे वाघही येतो, म्हणजे जागल करणाऱ्याने माचानावरून उतरायचं की नाही हाही प्रश्न.

दोन गोष्टी सांगतो. एक, कितीही वैताग आला तरी कुंपणात घरचा करंट सोडायचा नाही. आमच्या जिल्ह्यात अशा तारांवर वाघ मेले, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेली माणसंही. गुन्हा आहेच, पण मुख्य म्हणजे मरतो तो शेजारी. सौर झटका मशीन वेगळं असतं, त्यात क्षणभराचा ठोका बसतो आणि करंट सलग वाहत नाही. व्याघ्र प्रकल्पांजवळच्या गावांना जन-वन विकास योजनेतून त्यासाठी अनुदान मिळतं, ग्रामपंचायतीत किंवा वनरक्षकाकडे विचारा. एकट्याने बसवलं तर रोही शेजाऱ्याकडे जाते आणि भांडण तुमच्या दारात येतं. पाच-दहा जणांनी मिळून सलग बसवलं तरच उपयोग.

दोन, नुकसान झाल्यावर तीन दिवसांच्या आत वनविभागाला कळवायचं, आणि पंचनामा होईपर्यंत त्या तुकड्याला हात लावायचा नाही. तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा. पायाचे ठसे, लेंड्यांचा ढीग, दोन्ही घ्या. रोही ठरलेल्या जागीच लेंड्या टाकते, तो ढीग सापडला की रोज कुठून शिरते तेही कळतं.


वऱ्हाडी ठसका · १२ सप्टेंबर, रात्री ८:१०

ढिगाचं बरोबर हाये. पांदणीच्या वळनावर हाये तो. तथूनच येते.


नवखी नजर · २६ ऑक्टोबर, रात्री ९:५५

तातडीचा प्रश्न. आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावरून रात्री फुस्स फुस्स असा आवाज येतो. साप समजून रातकिडा यांची पोस्ट तीनदा वाचली. आज नवऱ्याने टॉर्च मारला तर पांढऱ्या, बदामी आकाराच्या तोंडाची तीन पिल्लं. सासूबाई म्हणतात घुबड घरात अशुभ, हाकला.


पांदणवाट · २६ ऑक्टोबर, रात्री १०:२०

हाकलू नका! ते गव्हाणी घुबड. फुसकारणारी पिल्लं आहेत, भूक लागली की रात्रभर तेच करतात. टॉर्च पुन्हा मारू नका, माळ्याची खिडकी उघडी ठेवा, बास.

खाली जमिनीवर काळसर, अंगठ्याएवढे गोळे पडलेले दिसतील. ती विष्ठा नाही. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि हाडं-केस यांचा गोळा तोंडावाटे टाकतं. एक गोळा कोमट पाण्यात भिजवा आणि काडीने सोडवा. मी मागे आमच्या पोरांना घेऊन सोडवला होता. राखाडी केसांच्या लगद्यातून एक कवटी निघाली, मग दुसरी, पुढचे पिवळे दात अजून घट्ट बसलेले. चिचुंद्रीची लांबट कवटी वेगळी कळते, तिचे दात पांढरे असतात. पोरं दुपारभर हाडं कागदावर चिकटवत बसली होती. घुबडाने काय काय खाल्लं ते यावरून कळतं. हे सासूबाईंना धान्याच्या कोठीशेजारी बसून दाखवा.


सोनकी · २७ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

आणि लक्ष्मीचं वाहन आहे, हेही सांगा. एका तोंडाने वाहन म्हणायचं आणि दुसऱ्या तोंडाने अशुभ, असं कसं?

दिवाळीच्या तोंडावर अघोरी पूजेसाठी घुबडं पकडणारे फिरतात. बाहेरच्या कोणाला माळ्याबद्दल सांगू नका. कोणी चौकशी करत आलं तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.


नवखी नजर · २९ ऑक्टोबर, दुपारी ४:००

गोळा सोडवला. दोन उंदीर, एक चिचुंद्री. सासूबाईंनी स्वतः चष्मा लावून पाहिलं. निर्णय असा झालाय की दिवाळीची साफसफाई माळा सोडून करायची.


सोनकी · ६ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

पक्षी सप्ताह सुरू झालाय, ५ ते १२ नोव्हेंबर. मारुती चितमपल्ली यांच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. आमच्या शाळेतल्या मुलींनी पटांगणातूनच यादी केली. पाहुणे आलेत: नळाच्या डबक्यावर पांढरा धोबी शेपूट नाचवत फिरतोय, तारेवर नीलकंठ. सोयाबीन निघाल्यामुळे रान उघडं पडलंय, किडे आणि टोळ दिसतात, म्हणून नीलकंठ रस्त्याकडेच्या तारांवर रांगेने. बसलेला असताना अगदीच मळकट. उडाला की पंखांत निळ्याच्या दोन छटा उघडतात, आणि मुली ओरडतात.

आनंदाची बातमी इथपर्यंतच. शिवारात दोन मोर आणि एक लांडोर मेलेली सापडली. हरभरा पेरलेल्या वावराच्या कडेला. वनविभागाने नेले आहेत, अहवाल यायचा आहे. विषारी औषध लावलेलं बी मातीवर उघडं राहतं आणि मोर तेच वेचतो, हे आम्ही आधीही पाहिलंय. बी नीट झाकलं गेलं, सांडलेलं वेचलं, तरी पुष्कळ वाचेल. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले. जिथे माणसांचं ते झालं तिथे मोरांची मोजणी कोण ठेवणार?


वऱ्हाडी ठसका · ६ नोव्हेंबर, रात्री ९:००

खरं हाये ताई. आमी डब्बे बी विहिरीवरच धुतो. बंद केलं पाह्यजे.


झाडीपट्टी · २३ मार्च, सकाळी ५:२०

मोहफुलं पडायला लागली जी. इतक्या पहाटे पोस्ट टाकतोय कारण घरातले सगळे निघाले वेचायला. फुलं पहाटे पडतात, ऊन चढलं की सुकतात, आणि तोवर चितळ आणि अस्वल पोटभर खाऊन जातात. म्हणून माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली, एकाच वेळी. वेचणारा खाली वाकलेला असतो. वाघाला वाकलेला माणूस माणूस वाटत नाही, आणि अस्वलाला तर दिसतंच कमी. आमचा नियम: चार-पाच जण मिळून, बोलत बोलत जायचं, झाडाजवळ पोहोचायच्या आधी हाकारे द्यायचे, आणि उजाडल्याशिवाय पाय टाकायचा नाही.

फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, आणि तोच जाळ जंगलात शिरतो. झाडून घ्यावा किंवा झाडाखाली जुन्या साड्या अंथराव्यात. ठसकाभाऊंच्या साड्या रोहीने नाकारल्या, त्या इकडे पाठवा.

पळस पूर्ण फुललाय. एका झाडावर कोतवाल, साळुंक्या, शिंजीर, बुलबुल आणि सातभाई. कोतवालाच्या कपाळाला केशरी परागकण लागलेले, आणि तो बाकीच्यांना हाकलण्यातच दमतोय.


पांदणवाट · १२ मे, दुपारी ३:१५

पारा ४५ च्या वर. विहिरीचा तळ दिसतोय.

शेवग्याच्या वाळक्या फांदीवरून घरात वाद चालू आहे. फांदी ओट्यावर वाकली आहे आणि काकांना ती तोडायची आहे. तीत तांबटाने फेब्रुवारीत भोक पाडलं. भोक फांदीच्या खालच्या अंगाला असतं, पावसाचं पाणी शिरू नये म्हणून, रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं आणि कंपासने काढल्याइतकं गोल. आठवडाभर खाली भुसा पडत होता. तांबट जिवंत कडक लाकडात भोक पाडत नाही, त्याला मऊ, वाळलेली फांदीच लागते, आणि तीच आपण "मेलेली आहे" म्हणून सगळ्यात आधी तोडतो. त्याने सोडलेली जुनी भोकं पुढे दुसरेच वापरतात. आमच्या वरच्या जुन्या भोकात सध्या चिमणीचं बिऱ्हाड आहे.

आणि चिमणी तिथे का, तर घर कवेलूचं होतं तोवर ती कवेलूखाली राहायची. स्लॅब पडला, आढ्याची फट गेली. मातीच्या भिंती गेल्या, चिरकाची भोकं गेली. कुंपण गेलं की तितर, मुंगूस आणि बोरींवरचे बुलबुल जातील. मी पक्क्या घराच्या विरोधात नाही, गळक्या कवेलूखाली आषाढ काढलेला माणूस आहे. पण घर बांधताना एवढं सगळं एकाच दमात गुळगुळीत करायची काय घाई असते?

फांदी शेंड्याकडून थोडी छाटायची आणि भोकाचा भाग ठेवायचा, यावर तूर्त तह झालाय.


सोनकी · १३ मे, सकाळी ७:४५

पाण्याचं सांगते. उथळ मातीचं भांडं, दोन बोटं पाणी, मध्ये एक खडबडीत दगड. मधमाश्या आणि लहान पक्षी बुडत नाहीत. झुडपाच्या जवळ ठेवा, पण अगदी खाली नको, मांजर दबा धरते. पाणी रोज बदला आणि भांडं घासा, डेंग्यूचे डास अशाच साठ्यात होतात.

आमच्याकडचा क्रम ठरलेला: पहाटे साळुंक्या, मग बुलबुल, दुपारच्या शांततेत शिक्रा, आणि तो गेल्यावर बराच वेळ कोणीच नाही. चारच्या सुमारास वानरांची टोळी येते आणि भांडं उलटं करून जाते. सिमेंटमध्ये बसवलं तेव्हा कुठे टिकलं.


नवखी नजर · १८ मे, रात्री १०:४०

आता झोपायला गच्चीवर आलोय. वावराकडून चक् चक् चक् असा आवाज येतोय, सुरुवातीला सावकाश, मग जलद आणि मग एकदम बंद. टणक चेंडू हातातून सुटावा आणि टप्पे घेत थांबावा तसा. मर्लिन काही सांगत नाही, खाली कूलर चालू आहे.


पांदणवाट · १८ मे, रात्री १०:५५

रातवा! वर्णन इतकं नेमकं आहे की ॲपची गरजच नाही. दिवसा पाचोळ्यात बसतो, पायापाशी असला तरी दिसत नाही. अंडी तशीच उघड्या जमिनीवर, काडीसुद्धा न रचता. रात्री तोंड वासून उडता उडता किडे टिपतो.


वऱ्हाडी ठसका · १८ मे, रात्री ११:२०

हाच काय तो, जो रस्त्यावर बसते? काल पांदणीत गाडीच्या उजेडात दोन लाल इंगळ चमकले, अगदी चाकापाशी येईस्तोवर हलले नाई, अन् मंग बिनआवाजानं वरतं उडाले. मांगं बसलेला माहा साळा हनुमान चालीसा म्हनाले लागला.


पांदणवाट · १८ मे, रात्री ११:३०

तोच. रात्री तापलेल्या रस्त्यावर येऊन बसतो. साळ्याला कळवा.


वऱ्हाडी ठसका · १८ मे, रात्री ११:३४

नाई कळवत. आता तो रात्री उशिरा घरी जायाचं म्हनत नाई, जागलीले सोबत भेटली मले.